एकतीस नंबरचा दगड

माझ्या घराचं पुढचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून त्याला अडकवायला मी एक दगड ठेवत असे. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, लाटण्यासारखा गोल, रंगानं पिवळसर तांबडा. चोपन्न वर्षं तो तिथं होता. सून आली, नातवंडं आली, फरशी दोनदा बदलली, पण दगड मी कोणाला हलवू दिला नाही. त्याच्या बुडाला लाल रंगात एक आकडा होता. तो माझ्याच हातचा.

पौषातल्या एका सकाळी निहारिका मडावी माझ्या घरी आली. तिशीची पोरगी, बुटांना काळी माती, काखेत पेटी.

"नलिनीबाई गौरकार तुम्हीच ना? एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या ड्रिलिंग कॅम्पच्या हजेरीपटात तुमचं नाव आहे. चौदा माणसं होती. बाकीच्या तेरा जणांचा पत्ता..."

"स्मशानाचा आहे," मी म्हटलं. "बस. हे काय, पेटी वाजवतेस का तू?"

"वाळवी आहे यात, आजी."

"घरात आणू नको मग. आत्ताच चौकटी बदलल्यात."

ती हसली आणि तिनं झाकण उघडलं. आत बोटभर जाडीच्या मण्यांची हातभर माळ होती, राखाडी रंगाची. प्रत्येक मण्याला केसाएवढे बारीक पाय. तिनं माळ तळहातावर घेतली तशी ती हळूच वळवळली आणि तिच्या मनगटाला वेढा घालून शांत झाली.

आता जरा मागचं सांगते, म्हणजे ही पोरगी कशासाठी आली ते कळेल.

वर्धा नदीच्या या खोऱ्यात, आमच्या चिखलडोहपासून वर खैरटेकच्या माथ्यापर्यंत, कोळसा आहे का ते पाहायला त्या काळी चौसष्ट भोकं पाडली होती. माझे पती देवराव मशीन चालवायचे. मी मॅट्रिक पास होते आणि अक्षर बरं होतं, म्हणून मला कोअरच्या कामावर घेतलं. जमिनीतून दगडाचे गोल तुकडे वर यायचे, त्यांना कोअर म्हणत. ते धुवायचे, लाकडी पेटीत ओळीनं लावायचे, लाल रंगानं आकडा घालायचा. डिझेलचा वास, रात्रंदिवस मशीनचा तो एकसुरी घरघराट, तंबूपुढे वाळत घातलेले तेलकट कपडे! तेव्हा त्रास वाटायचा. आता कुठं डिझेलचा वास आला तर मी उगाच थांबते.

कोळसा निघाला. पण खोल होता, पातळ होता, खाण काही झाली नाही. मग जगानंच कोळसा वापरायचं सोडलं. ज्याच्यासाठी जमीन टोचली तो कोळसा जिथल्या तिथं राहिला आणि भोकं राहिली. मागच्या काही वर्षांत नवा कायदा आला, की टोचलेली जमीन पहिल्यासारखी करून द्यायची. निहारिका त्या कामावर होती.

भोकानं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. मी ते दगड हातानं धुतलेत, म्हणून सांगू शकते. आपल्या पायाखाली गोधड्यांची चळत आहे असं समजा. काही गोधड्या वाळूच्या, त्या पाणी पितात. काही मातीच्या, त्या मेणकापडासारख्या, त्यांच्यातून पाणी आरपार जात नाही. म्हणून वरचं पाणी वर राहतं आणि खालचं खाली. आम्ही या सगळ्या चळतीला दाभण घातलं. काम झाल्यावर वर दहा-पंधरा फूट सिमेंट ओतायचं, खाली नुसता चिखल. तेव्हा रीतच तशी होती. चिखल बसत गेला, दाभणाची वाट मोकळी झाली, आणि जे पाणी लाखो वर्षं एकमेकांना भेटलं नव्हतं ते एकमेकांत उतरू लागलं. विहिरी खोल गेल्या. कारण कोणाला दिसलं नाही, कारण ते जमिनीखाली होतं.

"ही वाळवी भोकात तळापर्यंत जाते," निहारिका सांगत होती. "तिथं हे मणी भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगतात आणि पाणी अडवतात. मग मागून आम्ही जिवाणू सोडतो. आपल्याच शेतातल्या मातीतले आहेत ते. त्यांना युरिया आणि चुन्याचं पाणी दिलं की त्यांच्याभोवती चुनखडी धरते, शिंपल्याचा थर धरतो तशी. रोज वीस मीटर दगड वाढतो, खालून वर. सिमेंट ओततो आपण. हा दगड उगवतो."

"आणि वाळवी परत कशी येते?"

"येत नाही, आजी. दगडातच राहते. फक्त शेवटचा मणी जागा असतो. खालच्या पाण्याचा दाब किती, ते तो वर्षानुवर्षं कळवत राहतो."

आयुष्यात मी पुष्कळ यंत्रं पाहिली. सगळी जमिनीतून काहीतरी काढायला आलेली. हे पहिलंच, जे आत जाऊन तिथंच राहणारं. मला त्या माळेला हात लावावासा वाटला. लावला. ती कोमट होती.

"मग माझ्याकडे काय काम काढलंस?"

"त्रेसष्ट भोकं बंद झाली. विहिरी थोड्या वर आल्या. पण खालच्या वाळूतलं पाणी काही केल्या वर येत नाही. त्रेसष्ट मणी सांगताहेत, की कुठूनतरी गळतंय, चोवीस तास. एकतीस नंबर राहिलाय. कागदावर तो सिमेंटनं बंद आहे, खाली तुमच्या यजमानांची सही. पण कागदावरच्या जागी आम्ही खणलं, तिथं भोकच नाही."

"चोपन्न वर्षं झाली, पोरी. मला नाही आठवत."

तेवढ्यात वारा आला आणि दार आपटलं. निहारिका उठली, दगड उचलून दाराला लावायला गेली, आणि वाकलेली तशीच थांबली. क्षणभरच. मग तिनं दगड होता तसा ठेवला, आकडा खाली करून.

"आमचं खैरटेक होळीनंतर उठवणार आहेत," ती पेटी बंद करत म्हणाली. "पाणी नाही म्हणून. माझी आई म्हणते, मी नाही हलणार. परवा येते मी. आठवलं तर बघा."

ती गेल्यावर मी चहा करायला उठले, तो उतू गेला.

मला सगळं आठवत होतं. मे महिना होता. एकतिसाव्या भोकाची जागा होती वरच्या मुरमाड उतारावर. पण वळवाचा पाऊस झाला आणि रिगचा, म्हणजे मशीनचा, ट्रक वाटेतच, जाई नागपुरेच्या शेतातल्या काळ्या मातीत रुतला. दोन बैलजोड्या लावल्या, ट्रॅक्टर लावला, तो आणखी आत गेला. पाच दिवस गेले. वरून तगादा. शेवटी हे म्हणाले, "जमिनीखाली दगड तोच आहे, तीनशे मीटरनं काय फरक पडतो?" आणि रुतलेल्या ट्रकवरच मशीन उभी करून भोक पाडलं. कागदावर जागा नकाशातलीच लिहिली.

एकशे साठ मीटरवर पाणी लागलं, ते आपणहून वर आलं. पुरुषभर उंच कारंजं. कोमट पाणी! सकाळच्या गारव्यात त्याच्यातून वाफ निघे.

जाई माझ्या वयाची, चोवीस वर्षांची. मासे धरणाऱ्या ढिवरांची पोर. नवरा नदीत बुडून गेलेला, पदरात दोन मुली आणि दीड एकर पडीक खारट जमीन. ती त्या पाण्याखाली ओंजळ धरून उभी राहिली. आमची ओळख दहा दिवसांची, पण त्या कॅम्पात मला माझ्या बोलीत हाक मारणारी ती एकटीच होती. तिनं मला काही मागितलं नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

यांनी तीन पोती सिमेंट ओतलं, ते पाण्यानं उडवून दिलं. भोक बंद होण्यासारखं नव्हतं असं नाही. मुख्य कॅम्पमधून जड चिखल करायच्या भुकटीची पोती आणली असती तर दोन दिवसांत झालं असतं. हे निघालेही होते. मी आडवी आले. "राहू द्या ना," मी म्हटलं. "एका बाईचं भलं होतंय. जमिनीला काय कळतंय?" यांनी माझ्याकडे पाहिलं, पाइप जमिनीच्या खाली कापला, आणि कागदावर 'बंद' लिहून सही केली. आयुष्यात त्यांनी केलेली ती एकच खोटी सही, आणि ती माझ्या सांगण्यावरून. आम्ही तिघांनी ठरवलं, कोणी बोलायचं नाही.

दगडाचं राहिलं. यांच्या टोळीची एक रीत होती, ती कुठल्या नियमात नव्हती. भोकातून निघालेला पहिला दगड पेटीत लावायचा नाही. तो मी धुऊन, आकडा घालून बाजूला ठेवायचा, आणि भोक बंद केल्यावर सगळ्यात शेवटी सिमेंटवर तोच परत ठेवून माती लोटायची. "जमिनीचं जमिनीला," हे म्हणायचे. साहेब ओरडायचे, पहिला तुकडा कुठाय? आम्ही लिहायचो : तुकडा मिळाला नाही. एकतीस नंबर बंद झालाच नाही, म्हणून त्याचा दगड माझ्याकडे राहिला. शेवटच्या आजारात हे दोनदा म्हणाले, "एकतीस राहिला, नलू." मुलाला वाटलं, तापात काहीतरी बोलताहेत.

दुपारी मी जाईकडे गेले. त्या पाण्यावर तिनं एकराचं तळं बांधलं होतं. त्यात शिंगाडे लावून दोन्ही मुली शिकवल्या, त्यांची लग्नं केली. आता त्या लांब असतात. ही बांधावरच्या घरात एकटी, डोंगा म्हणजे तिची लहान होडी, आणि कुत्रं घेऊन. शिंगाड्याचा हंगाम नुकताच संपला होता. तळ्यावर वाफ तरंगत होती.

"ये वो नले. आज कशी काय वाट चुकली?"

मी सगळं सांगितलं. ती शिंगाडे सोलत होती, तिचा हात थांबला नाही.

"मंग? सांगून टाकणार हायेस?"

"गाव उठते वो जाई. खैरटेक."

"चोपन वर्ष माहं तळं दिसलं नाई कोणाले, अन् आता खैरटेक दिसते." तिनं सोललेला दाणा टोपलीत टाकला. "देवरावभाऊ देवमाणूस होता. मेल्यावर त्याले खोटा पाडशील तू. म्हातारपणी चांगल्या नवऱ्याचं नाव पुसायले निघाली."

"माझ्याच सांगण्यानं केलं त्यांनी."

"मंग तेव्हा कावून सांगतलं? मी मांगतलं होतं का?" आता मात्र तिचा हात थांबला. "सांग तू, तुले सांगायचंच असन तर. पण मंग या बांधावर पाय ठेवू नको."

मी उठले. कुत्रं नेहमीसारखं माझ्यामागे वळणापर्यंत आलं आणि परत गेलं.

परवाच्या दिवशी निहारिका आली तेव्हा मी दगड धुऊन टेबलावर ठेवला होता, आकडा वर करून.

"तुला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

"हो, आजी. चौसष्टच्या चौसष्ट नोंदींत पहिला तुकडा हरवलेला आहे. आणि आम्ही त्रेसष्ट भोकं उघडली, तर प्रत्येकात सिमेंटच्या वर असा एकेक दगड. आधी समजेना. मग समजलं, तेव्हा आमच्या अख्ख्या टोळीनं टोप्या काढल्या." तिनं आकड्यावर बोट ठेवलं. "एकतीसचा दगड बाहेर आहे म्हणजे एकतीस उघडा आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा दगड होता. मी कशी बोलणार?"

मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

पण मी सांगून अर्धंच काम झालं. तळं एकराचं, गाळ कमरेएवढा, पाइप त्याच्याही खाली कापलेला. तोंड नेमकं कुठं ते मलाही माहीत नव्हतं. तळं उपसून शोधायचं तर दोन महिने जाणार आणि होळी तोंडावर. ते माहीत होतं फक्त जाईला. शिंगाड्याची वेल लावणारी माणसं पायाच्या अंगठ्यानं वेल गाळात दाबतात. त्या तळ्याची वीत न् वीत तिच्या अंगठ्यानं पाहिलेली.

निहारिका बांधावर गेली. मी वळणावर, कुत्र्याजवळ थांबले. तिथून ऐकू येत होतं.

मला वाटलं, पोरगी आता कायदा सांगेल, नाहीतर रडेल. तिनं दोन्ही केलं नाही. पाइप कुठं आहे ते विचारलं, आणि बंद केल्यावर तळं चैत्रापर्यंत आटेल हेही स्वच्छ सांगितलं.

"थोडं नाई का सोडता येत?" जाईनं विचारलं. "करंगळीएवढं?"

"नाही, आजी. करंगळीनंच एवढं गेलंय."

"तू कोणाची?"

"खैरटेकची. सोनाबाई मडावीची."

"खैरटेकची बोडी अजून कोरडीच हाय का?"

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. निहारिका म्हणाली, "खड्डा आहे. डोंगरातला झरा तिच्यात पडायचा, तो बंद झाला. आम्ही पोरं त्यात क्रिकेट खेळायचो."

"कोणत्या साली आटली ते?"

"नव्वदच्या उन्हाळ्यात, असं आई सांगते. लोक म्हणाले, जंगल तोडलं म्हणून."

जाई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागली. मला माहीत होतं ती काय मोजतेय. अठ्ठ्याऐंशीचा मे, नव्वदचा उन्हाळा. वरच्या डोंगरात मुरणारं पाणी वाळूच्या त्या एकाच गोधडीतून खाली येत होतं. आधी ते दाबानं झऱ्यातून निघायचं. आम्ही खाली वाट करून दिली, तसं ते वर थांबेना.

"त्या बोडीत माह्या बापानं शिंगाडे लावले होते," जाई म्हणाली. "बावीस वर्ष. मी तिच्यातच पोहणं शिकली. बाप मरेपर्यंत म्हणे, माही बोडी कोणी पेली? अन् मी त्याले शिंगाडे उकडून देत होती, या तळ्याचे."

मग ती उठली आणि डोंगा सोडला. अठ्ठ्याहत्तरीची बाई, बांबूनं डोंगा लोटत तळ्याच्या ईशान्य कोपऱ्याकडे गेली, लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि पाय टाकत चालू लागली. चार पावलं पुढे, दोन मागे, एक डावीकडे. छातीपर्यंत पाणी. थांबली. डोळे मिटले.

"इथं," ती म्हणाली. "इथं अंगठा भाजते." आणि बांबू गाळात रोवला.

निहारिकाची दोन माणसं पुढे धावत होती, तिनं त्यांना हातानं थांबवलं. जाई स्वतः डोंग्यात चढेपर्यंत कोणी हललं नाही.

वाळवी दुसऱ्या दिवशी सोडली. बांबूच्या जागी लोखंडी नळकांडं बसवून आतलं पाणी बाजूला काढलं होतं. माळ कठड्यावरून उतरली, एकदा थबकली, आणि वर येणाऱ्या पाण्याच्या विरुद्ध, अंधारात चालू लागली. चार तासांनी ती तळाला पोचली. निहारिकाच्या हातातल्या पडद्यावर एक आडवी रेघ होती, ती थरथरली आणि सपाट झाली. त्याबरोबर पाणी थांबलं. चोपन्न वर्षांची ती बारीक गुळगुळ मला कधी वेगळी ऐकू आली नव्हती. थांबली तेव्हा ऐकू आली.

आठ दिवसांत दगड उगवत उगवत वर आला. शेवटचं हातभर अंतर राहिलं तेव्हा निहारिकानं मला बोलावलं. मी एकतीस नंबरचा दगड त्या पांढऱ्या चिकट पाण्यात उभा सोडला. ती म्हणाली, उद्यापर्यंत त्याच्याभोवती चुनखडी धरेल, मग तो वेगळा काढता येणार नाही. जाई बांधावर होती. तिनं पाहिलं, पण माझ्याशी बोलली नाही.

नोंद दुरुस्त झाली. जागा कोणती, खोटी सही का झाली, कोणाच्या सांगण्यावरून, सगळं मी लिहून दिलं. निहारिकानं शेवटी एक ओळ घातली : तोंडाची जागा जाई नागपुरे यांनी पायानं शोधली. वरच्या साहेबांनी ती ओळ काढायला सांगितली. तिनं काढली नाही.

खैरटेक होळीला उठलं नाही. मण्यांनी कळवलेला दाब रोज थोडा चढत होता, तेवढ्यावर गावाला एका पावसाळ्याची मुदत मिळाली. रिग उभी राहिलेल्या चौसष्ट जागा, जिथं तेलानं जमीन दगड झाली होती, त्याही खणून, वरची माती वर घालून मोकळ्या केल्या. चैत्रात जाईचं तळं आटलं. मी रोज लांबून पाहायची. गाळाला भेगा पडल्या. ती उरलेल्या वेली एका टाक्यात घालून, बादलीनं पाणी देऊन जगवत होती. कशासाठी ते मला कळेना आणि विचारायची सोय नव्हती.

श्रावणात एका सकाळी दार आपटलं. आता त्याला दगड नाही. पाहिलं तर जाई उभी, डोक्यावर ओल्या गोणपाटाचं गाठोडं.

"चाल."

"कुठं?"

"खैरटेकले. झरा फुटला म्हणते. बसली काय अशी, चपला घाल."

वाटभर ती माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. बोडीवर अर्धं गाव जमलं होतं. डोंगराच्या कपारीतून मनगटाएवढी धार पडत होती आणि बोडी कमरेएवढी भरली होती. निहारिकाची आई सोनाबाई काठावर नुसती बसून होती, घागर बाजूला ठेवून.

जाईनं गाठोडं सोडलं. वेली हिरव्यागार होत्या. तिनं लुगडं खोचलं, पाण्यात पाय टाकला आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं वो?" मी काठावरून विचारलं.

"गार हाय," ती म्हणाली. "माह्या बापाच्या वक्ताले होतं तसंच." मग वळून माझ्याकडे पाहिलं. "तुह्या नवऱ्याचं पाणी गरम होतं, नले. लय गरम होतं."

आणि तिनं पहिली वेल अंगठ्यानं गाळात दाबली.